सुताराची चोच आणि उत्तम सुधारणा

बाळांनो, एका जंगलात वाघ होता, पाणवठा होता, आणि सगळं आहेच म्हणून विमाही आला होता. विमा कोल्हेसाहेबांचा. दर पुनवेला एक उंबर हप्ता भरायचा. काम करता येईनासं झालं, तर रोजची उंबरं घरपोच.

त्याच जंगलात टकोबा नावाचा सुतारपक्षी राहत होता. झाडांत ढोली कोरून द्यायची, हा त्याचा धंदा. एकदा खैराचं खोड टोचताना त्याची चोच उभी तडकली.

टकोबा डॉक्टर घुबडेंकडे गेला. एरवी घुबडाचं तोंड पाहू नये म्हणतात. पण तेच घुबड डॉक्टर झालं, की लोक रांग लावून पाहतात. डॉक्टरांनी लाख लावून चोच बसवली. ती वाकडी बसली. लाकूड सोडा, टकोबाला मऊ केळही टोचता येईना.

घरात तीन पिल्लं. टकोबाची बायको भिवरा एकटीच ढोली कोरून कोरून अर्धी झाली. शेवटी तिनं विम्याचा फॉर्म आणला. त्यात डॉक्टरांसाठी एकच प्रश्न होता : पक्षी आपलं काम करू शकतो का?

डॉक्टरांनी लिहिलं, ‘प्रकृतीत उत्तम सुधारणा. पेशंट हसतमुख.’

कोल्हेसाहेबांनी ते वाचून टकोबाचा पंख हातात घेतला. “अभिनंदन. तुम्ही बरे झालात.”

भिवरा टकोबाला आणि दुसरा फॉर्म घेऊन पुन्हा गेली. “डॉक्टर, यांना काम जमत नाही, एवढंच लिहा की.”

डॉक्टर मान वर न करता म्हणाले, “बाई, मी बसवलेली चोच चालत नाही, हे मीच लिहू? मग दवाखान्याला टाळं लावून भजनी मंडळात जाऊ?” आणि त्यांनी लिहिलं, ‘झपाट्यानं सुधारणा.’

“बघ, झपाट्यानं,” घरी येताना टकोबा म्हणाला. त्याला बरं वाटलं. भिवराला रडू आलं.

मग तिनं डोकं चालवलं. फॉर्मच्या दोन्ही खेपांत डॉक्टरांनी एकदाही पेशंटच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. पंधरवड्यानं तिनं टकोबाला पुन्हा तिथंच नेलं आणि फॉर्मवर नावाची जागा कोरी ठेवून नवा पेशंट म्हणून बसवलं.

डॉक्टरांनी चोच हातात धरली. “अरेरे. कुणी बसवली ही?”

“पलीकडच्या बगळे डॉक्टरांनी,” भिवरा म्हणाली.

घुबडे डॉक्टरांचे डोळे होते त्याहून मोठे झाले. त्यांनी चष्मा पुसला. बाहेरची रांग थांबवली. “आण तो फॉर्म. बसवायची अक्कल नाही आणि दवाखाना उघडून बसलाय मेला.” आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं. चोच कुठं वाकडी आहे, दाब दिला तर काय होतं, कोणतं काम का जमत नाही, सगळं लिहिलं. जागा पुरेना, तेव्हा मागच्या बाजूलाही लिहिलं.

भिवरानं बाहेर येऊन नाव भरलं आणि फॉर्म दिला. कोल्हेसाहेबांनी तिन्ही कागद शेजारी ठेवले. “आधी उत्तम म्हणणारेच डॉक्टर आता वाईट म्हणतायत. म्हणजे माणूस प्रामाणिक दिसतो.” क्लेम मंजूर झाला.

संध्याकाळी उंबरांची पहिली टोपली आली. पिल्लं तुटून पडली. टकोबानं कौतुकानं फॉर्म हातात घेतला. भिवरा म्हणाली, “राहू दे, नका वाचू.” पण त्यानं वाचला. शेवटी लिहिलं होतं : ‘हा पक्षी पुन्हा कधीही लाकूड टोचू शकणार नाही.’

“मला वाटत होतं, थंडीपर्यंत जमेल,” टकोबा म्हणाला.

“मलाही तसंच वाटत होतं,” भिवरा म्हणाली, आणि एक उंबर फोडून तिनं त्याला भरवलं.

घुबडे डॉक्टर मात्र अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, “तो टकोबा सुतार माहीत आहे ना? माझा पेशंट. ठणठणीत झाला, पुन्हा आला नाही.”

तात्पर्य : बाळांनो, डॉक्टरांपासून काही लपवू नये, असं मोठी माणसं सांगतात. त्यांचं ऐकू नका. आपल्या दुखण्याबद्दल खरं लिहून हवं असेल, तर आपण कुणाचे पेशंट आहोत एवढं तरी लपवावंच.