गच्चीत निजवलेले पंप

"पलंगाची फळी उचलणारे हे पंप उभेच ठेवा, ताई. दांडी खाली, सावलीत. आडवे पडून राहिले तर आतलं सील कोरडं होतं नि गॅस निघून जातो," पलंग सुटा करताना मिस्त्री म्हणाले होते.

"मिस्त्री, मी बीएस्सी आहे! फिजिक्स!" तिनं त्यांना उडवूनच लावलं. ऐकलं फक्त एक: गॅस!

घरात सहा महिन्यांचं बाळ, आणि गॅस? खोलीचा रंग होईपर्यंत पलंग सुटाच राहणार होता. तिनं दोन्ही पंप बाळाच्या जुन्या दुपट्यात गुंडाळले आणि गच्चीत, मोकळ्या हवेत, चांगल्या उन्हात आडवे निजवले. उभे ठेवले नि पडले म्हणजे! रोज सकाळी बाळाचं कपाळ चाचपून झालं की ती पंपांचा वास घेऊन यायची. वास नाही, म्हणजे धोका नाही!

तीन महिन्यांनी नवऱ्यानं पलंग जोडला. "बघ, एका बोटानं उचलतोय!" फळी गादीसकट वर गेली, जराशी डुलली, थांबली. नवरा शेजाऱ्यांचा पाना परत करायला गेला आणि तिथेच गप्पांत रंगला.

"रजया मी रचते. तू रचलंस की त्यांचं बोचकं होतं," म्हणत सासूबाई पलंगाच्या पेटीत उतरल्या.

आणि जेवून सुस्तावलेली आत्या सोफ्यावर टेकावी, तशी फळी सावकाश खाली बसू लागली.

"अगं, अंधार कुणी केला?"

हाताशी होती ती बालसंगोपनाची चार जाडजूड पुस्तकं तिनं फटीत कोंबली. फळी वीतभर उघडी राहिली. वर मात्र तसूभर हलेना!

"आई, श्वास घेता येतोय ना?"

"येतोय. रंगाचा वासही येतोय."

नवऱ्याला फोन लावला, तो स्वयंपाकघरात वाजला. मग मिस्त्रींना लावला.

"आडवे ठेवले होते?"

"थोडेसे."

"उन्हात?"

"थोडंसंच."

"थोडंसं म्हणजे किती?"

"तीन महिने."

पलीकडे हत्यारांची पिशवी खडखडली. मग, "येतो."

"काय तीन महिने?" फटीतून आवाज आला.

"काही नाही, आई! वॉरंटी!"

तेवढ्यात पलीकडच्या खोलीत बाळ उठलं. आता फटीशी कोण बसणार? म्हणून धावता धावता ती तुम्हालाच सांगतेय: "जरा वाकून बघता का, आई बऱ्या आहेत ना? घोरत असतील तर उत्तमच. गप्प असतील तर त्या तीन महिन्यांचाच विचार करतायत. मग मात्र मला लगेच हाक मारा!"