नकाशात हाय, घरात न्हाय

पुणे जिल्ह्यात माझ्या तोडीचा गुप्तहेर नाही. हे मी स्वतःहून म्हणत नाही. म्हणायला दुसरं कुणी तयार नाही, म्हणून मला म्हणावं लागतं. नाव चिंतामण. एकोणतीस वर्षं दूध संघात दुधातलं पाणी ओळखण्याचं काम केलं. ज्या माणसाने पाण्यातून सत्य वेगळं काढलं, त्याला गुन्हेगार म्हणजे किस झाड की पत्ती. निवृत्त झाल्यावर बारामतीतल्या आमच्या दारावर 'येथे तपास करून मिळेल' अशी पाटी लावली. ती वाचून वर्षभरात तिघे आले. दोघांना रक्त तपासून हवं होतं आणि तिसऱ्याला डोळे.

चौथं गिऱ्हाईक एका मंगळवारी सकाळी आलं. निमगाव केतकीच्या कुशाबाई आणि त्यांचे यजमान रामहरी तात्या. माझी पत्नी प्रमोदिनी त्याच गावची, त्यामुळे मी त्यांचा जावई. कुशाबाई पाणीही न पिता म्हणाल्या, "जावईबापू, आमची खिडकी चोरीला गेली."

मी वहीत 'खिडकी' असं लिहून खाली दोनदा रेघ ओढली. "कुठली खिडकी?"

"सैपाकघरातली. नकाशात हाय, घरात न्हाय."

हकिगत अशी होती. दोघांनी ऊस पुतण्याच्या हवाली केला होता आणि गुडघ्यांचे डॉक्टर जवळ असावेत म्हणून बारामतीत नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. कुशाबाईंनी पिशवीतून नकाशा काढला. त्यावर एका जागी हळदीच्या बोटाचा डाग होता.

"चौतीस वर्षं भितीकडं तोंड करून भाकरी थापल्या," त्या म्हणाल्या. "रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं, मला कधी दिसलं न्हाय. घर घेताना मी एकच मागितलं. ओट्याम्होरं खिडकी. यांनी नकाशा दावला, मी खिडकीवर बोट ठिवलं, मगच सह्या झाल्या. काल किल्ली मिळाली. जाऊन बघते तर ओट्याम्होरं भित."

"बिल्डरच्या ऑफिसात विचारलं?"

"सायब रजेवर हायती, सोमवारी या म्हणत्यात," तात्या टोपी गुडघ्यावर ठेवत म्हणाले. गरीब माणूस. चेहऱ्यावर असा भाव, की खिडकी त्यांच्याच खिशातून पडली असावी.

"आन् गुरुवारी वास्तुशांत हाय," कुशाबाई म्हणाल्या. "खिडकी न्हाय तर मी उंबरा वलांडायची न्हाय. भटजी एकटंच जेवून जातील."

दोन दिवस हातात होते. मी भिंग घेतलं, टेप घेतली आणि सवयीने दूध तपासायचं लॅक्टोमीटरही घेतलं. प्रमोदिनीने छत्री घेतली, ऊन होतं म्हणून.

इमारतीशी पोचल्यावर कुशाबाई खालीच, बदामाच्या सावलीत विटांच्या थप्पीवर बसल्या. आम्ही तिघे वर गेलो. ओट्यासमोर खरोखरच भिंत होती. पांढरी, सरळ, निगरगट्ट.

माझा पहिला तर्क: नकाशा उलटा धरला गेला. मी तो उलटा धरून पाहिला. खिडकी सापडली नाही, पण त्या हिशोबाने देवघर जिन्यात गेलं. दुसरा तर्क: खिडकी जागेवरच आहे, फक्त समोर खोटी भिंत उभी केली आहे. मी भिंतीवर तीनदा टकटक केली. पलीकडून तीनदा टकटक झाली. तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीपलीकडे माणूस असण्याचं कारण नव्हतं. मी तात्यांना मागे सरकायला सांगितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण आहे?"

"रंगारी," भिंत म्हणाली. "दोरीवर हाय. काय पायजे?"

तिसरा तर्क भयंकर होता. खिडक्या पळवणारी टोळी. एवढ्यात साइट इंजिनियर अद्वय जिना चढून आला. पंचविशीचा, डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि कपाळावर घाम. मी घामाकडे बोट दाखवलं. "हा कशाचा?"

"लिफ्ट अजून सुरू नाही काका." त्याने नकाशा पाहिला, भिंत पाहिली, परत नकाशा पाहिला. "इथे खिडकी असायला हवी होती."

"म्हणजे तुम्ही कबूल करता."

"मी मागच्याच महिन्यात आलोय."

सराईत गुन्हेगार असंच म्हणतात. मी त्याचं उत्तर वहीत उतरवत होतो, तेव्हा प्रमोदिनी हात धुऊन बाथरूममधून बाहेर आली. "अहो, या बाथरूमला चार फुटी सरकती खिडकी आहे. समोर पेट्रोल पंप दिसतो. पंपावरच्या माणसाने मला नमस्कार केला."

"तपासात घरगुती गोष्टी आणू नकोस," मी म्हणालो.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की बायको अशा वेळी नुसती छत्री उघडते.

गुन्हेगाराचं नाव सगळ्यांना एकत्र बसवून सांगायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज. मी सगळ्यांना खाली बदामाच्या झाडाशी जमवलं. कुशाबाई विटांवर, तात्या उभे, अद्वय मोबाइल बघत. शेजारी या इमारतीचा गवंडी, सिद्धू मिस्त्री, भाकरीचं फडकं सोडून जेवायला बसला होता. त्याला मी साक्षीदार म्हणून धरलं.

"मंडळी," मी सुरुवात केली, "खिडकीला पाय नसतात. तिला कुणीतरी हात दिला. आणि तो हात आज इथे हजर आहे." मी अद्वयकडे पाहिलं. त्याने हेल्मेट काढलं, परत घातलं. "हे कारस्थान बारामतीपुरतं नाही. याचे धागे इंदापूरपर्यंत—"

"मिस्त्री," प्रमोदिनी म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकघराची खिडकी कुणी बुजवली?"

"मीच की," सिद्धू म्हणाला आणि कांदा फोडला.

"का?"

"तात्यांनी सांगितलं."

झाडावर एक कावळा होता. त्याने मान वाकडी केली. सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. मी पण पाहिलं, कारण माझ्या यादीत हे नाव नव्हतं. गुप्तहेर सगळ्यांवर संशय घेतो. अशिलाच्या नवऱ्यावर घ्यायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सिद्धूने घास गिळला. "भितीचं काम चाललं हुतं तवा आलं हुतं तात्या. म्हणलं, सिद्धू, आमच्या हिच्या चुलीला वारं लय लागतं. सारा जलम फुंकण्यात गेला. ह्या घरात तेवढं वारं लागू देऊ नगंस. मग मी खिडकी बुजवली. पर खिडकी तर करून आल्याली, जाळीसकट. चांगली वस्तू टाकायची कशी? बाथरूमला बसवली."

तात्या टोपीची घडी घालत होते. घालून झाली, मग उलगडली, परत घातली. "मला वाटलं, हा पडदाबिडदा लावंल," ते म्हणाले. "काल ती भित बघून चरकलो. पर तू लय चिडल्याली. सांगाय धीर झाला न्हाय."

"गॅसला कसलं वारं ओ?" कुशाबाई म्हणाल्या.

"तू रोज म्हणायचीस. वारं लागतंय, वारं लागतंय."

"म्हणायची." कुशाबाईंनी पदराने तोंड पुसलं आणि रस्त्याकडे बघितलं. आवाज खाली आला. "पर तुमी ऐकताय, ह्ये मला कुठं ठावं हुतं?"

माझ्याजवळ भाषणाची उरलेली तीन पानं होती, ती मी घडी करून खिशात ठेवली.

अद्वय घसा खाकरून म्हणाला, की बांधकामात बदल करायचा तर ऑफिसात लेखी अर्ज लागेल. प्रमोदिनीने त्याला शांतपणे विचारलं, "बुजवताना कुठला अर्ज आला होता, तो दाखवा. तसाच आम्ही लिहून देतो." अद्वयने थोडा विचार केला आणि सिद्धूला म्हणाला, "जेवण झालं की छिन्नी घ्या."

बुधवारी संध्याकाळपर्यंत भिंत फुटली आणि खिडकी आपल्या जागी आली. बाथरूमला हातभर झडपा आणि धुरकट काच बसली. पेट्रोल पंपावर कुणाची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

गुरुवारी कुशाबाई नवं लुगडं नेसून उंबरा ओलांडून आत आल्या. पूजा झाली, पुरणपोळी झाली. निघताना त्यांनी प्रमोदिनीला साडी दिली आणि मला नारळ दिला. मराठीत नारळ देण्याचे दोन अर्थ होतात. मी शुभ तो धरला.

चपला घालताना मी स्वयंपाकघरात डोकावलो. कुशाबाई ओट्याशी उभ्या होत्या. चहाचं आधण उकळत होतं आणि त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. खिडकीतून रस्ता दिसत होता, पलीकडचा ऊस दिसत होता, उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर दिसत होता. त्या एकेक गोष्ट सावकाश बघत होत्या. मी आवाज न करता मागे फिरलो.

"जावईबापू," त्या वळून न बघता म्हणाल्या, "जरा पळत खाली जावा. ह्ये परत मिस्त्रीसंगं बोलाय लागल्यात, आन् बोट वर हिकडं करत्यात."