केशरी पट्टीची आणि त्रेसष्ट छतांच्या जर्दाळूंची बखर

॥ श्री सूर्यनारायण समर्थ ॥

शके सतराशे दोन, शार्वरी नाम संवत्सर. ज्याच्या उन्हाने ओले ते सुकते आणि झाकले ते उघडे पडते, त्या सविता देवास नमन करून हे वर्तमान लिहिले आहे. जे पाहिले ते पाहिले म्हणून लिहिले, जे ऐकिले ते ऐकिले म्हणून लिहिले, आणि जे मोजता आले ते मोजले. एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण तेथील हुकूम सर्व राज्यांत असतात तैसेच होते. त्या राज्याच्या कोठीचे दरोगा येसो हरी, लौकिकात येसोपंत, वय वर्षे एकावन्न. कोठीतून धान्य, मसाला आणि सुका मेवा घाऊक निघे, तो मुदपाकखान्यास, पेठेतील हलवायांस आणि लष्कराच्या शिध्यास जाई. पंतांची पारख ऐसी की बदामाच्या गोणीत हात घातला तर कडू बदाम आधी बोटास कळावा, मग जिभेस. कोठीची किल्ली त्यांच्या घरात तीन पिढ्या होती आणि पंत ती झोपेतही कमरेस ठेवीत.

त्या साली महाराजांच्या धाकट्या कन्येची सोयरीक शेजारच्या राजघराण्यात ठरली आणि साखरपुड्याच्या मेजवानीत जर्दाळूंचा मुरंबा वाढला. जर्दाळू केशरी, झेंडूसारखे, पाहताच डोळे निवावे असे. व्याही राजांनी दोन घास घेतले आणि त्यांस दम्याची उबळ आली. ती पावणेदोन घटिका राहिली, इतकी की त्यांच्या पगडीचा तुरा खीरपात्रात पडला आणि तो कोणी काढावा याची शुद्ध कोणास राहिली नाही. त्यांच्या वैद्याने फळ हुंगले आणि सांगितले की यास गंधकाची धुरी दिली आहे, धन्यास गंधक सोसत नाही. मग व्याह्यांकडून खलिता आला की लग्नाच्या पंक्तीस जर्दाळू अवश्य असावेत, कारण आम्हांस ते फार आवडतात, परंतु उन्हात वाळवलेले, विनागंधकाचे, झाडास शेणखतावाचून काही न घातलेले असावेत, आणि पुन्हा खोकला आला तर सोयरीक मोडली ऐसे समजावे.

खलिता वाचून महाराजांनी हुकूम दिला की मागे होते तैसेच जर्दाळू आणावे, फक्त गंधक नको. आणि रंगात तफावत पडू नये म्हणून भानजी चितारी यांस बोलावून उरल्या जर्दाळूंच्या रंगाची एक पट्टी रंगवून घेतली, वीतभर लांब, तीन बोटे रुंद. रंगास केशर तीन तोळे कोठीतून दिले गेले. पट्टीवर सरकारचा शिक्का झाला, आणि खलित्याच्या नकलेवरही शिक्का झाला. अशा रीतीने एका शिक्क्याने सांगितले की रंग केशरीच असावा, दुसऱ्या शिक्क्याने सांगितले की गंधक नसावे, आणि दोन्ही गोष्टी एका फळात राहू शकतात की नाही हे फळास कोणी विचारिले नाही.

तेव्हा मुदपाकखान्याचे कारभारी बहिरो जिवाजी दरबारात पुढे झाले. यांस कोठीच्या किल्लीची आस पुष्कळ दिवसांची होती. ते बोलिले, "महाराज, एवढ्यासाठी पंतांस हिमालयात कशास पाठविता? बंदरावर माझा ओळखीचा व्यापारी आहे. केशरी जर्दाळू, हवे तितके. गंधकाचे विचाराल, तर तो शपथ घेतो." येसोपंत म्हणाले, "बहिरोपंत, शपथ हुंगता येत नाही." बहिरोपंत म्हणाले, "मग जा हुंगत हुंगत. पण हात हलवीत आलात तर कमरेची किल्ली सोडून ठेवा." महाराजांस हे पसंत पडले. ठरले की माघ मासी दोघांनी आपापला माल दरबारी मांडावा, आणि ज्याचा माल पट्टीस उतरेल त्याचे फळ पंक्तीस व किल्ली त्याचे हाती.

निघते दिवशी धाकट्या बाईसाहेब स्वतः कोठीच्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "पंतकाका, रंग काळा आणा, निळा आणा, मला चालेल. पण मामंजींना खोकला नको. मुलगा मला आवडला आहे, हे कोणास सांगू नका." पंत म्हणाले, "बाईसाहेब, मी कोठीचा माणूस. आत ठेवलेले बाहेर जात नाही."

मग पंत चैत्र वद्य पंचमीस निघाले. बरोबर हसनमियां खेचरवाले, खेचरे वीस. हसनमियां उत्तरेच्या वाटेवर तीस वर्षे फिरलेले, तिकडची बोली जाणणारे आणि पंतांचे कोणतेही बोलणे सुधारून सांगणारे. वाटेत एक चमत्कार घडे. पट्टीची थैली जेथे ठेवावी तेथे मुंग्यांची रांग लागे. पंत म्हणत, "हसनमियां, मुंग्यांनाही सरकारी शिक्क्याचा आदर आहे." हसनमियां म्हणत, "पंत, आमच्याकडे मुंगी आदरासाठी चालत नाही. तिला काही खायला लागतं." पंतांनी यावर विचार केला नाही. एवढ्या पारखी माणसाने तो करावयास हवा होता, म्हणून येथे नोंदविले.

श्रावण मासी बर्फाच्या भिंतीपलीकडे एका खोऱ्यात पोहोचले. तेथे पाऊस जवळजवळ नाही, हवा कोरडी, ऊन ऐसे की सावलीत थंडी वाजावी आणि उन्हात कातडी सोलावी. घरे मातीची, छते सपाट, आणि प्रत्येक छतावर जर्दाळू वाळत पडलेले. छते त्रेसष्ट. वाळवणाचा सारा कारभार बायकांकडे, आणि त्या बायकांची मुख्य यांगडोल नावाची, वय साठीचे, आवाज खेचरांस थांबविणारा. पंतांनी विचारिले, "झाडांस काय घालता?" ती म्हणाली, "गाय जे घालते ते. आणि वरून बर्फाचं पाणी." पंतांनी विचारिले, "धुरी?" ती म्हणाली, "धूर चुलीत करतो. फळाने काय पाप केलंय?" पंतांनी मूठभर जर्दाळू घट्ट दाबून सोडले, ते एकमेकांस चिकटले नाहीत, म्हणजे ओल बरोबर गेली होती. हुंगले, उन्हाचा आणि मधाचा वास आला. खडा नाही, कीड नाही. सर्व उत्तम. परंतु रंग तपकिरी, जुन्या चामड्यासारखा.

पंतांनी थैलीतून पट्टी काढून दाखविली. यांगडोल पाहून हसली आणि खालच्या अंगणातील बायकांस हाक मारून म्हणाली, "अगं या, पाहुण्यांना वाळलेलं फळ ओल्या रंगाचं हवंय!" मग पंतांस म्हणाली, "हा रंग दोन जागी असतो. झाडावरच्या फळात, आणि लबाड फळात." पंत म्हणाले, "बाई, यावर शिक्का आहे." ती म्हणाली, "उन्हाला वाचता येत नाही."

त्रेसष्ट छतांत एखादे तरी केशरी निघेल म्हणून पंत सर्व छते पाहू म्हणाले. तेव्हा हसनमियांनी त्या गावची रीत सांगितली की घाऊक घेणाऱ्याने प्रत्येक छतावरचे एक फळ खावे, बी फोडून गर चाखावा, गोड की कडू ते मोठ्याने सांगावे. एक छत जरी न चाखता सोडले तरी त्या घराचा अपमान होतो, आणि मग गाव एक फळ विकत नाही. "तरी पंत," हसनमियां हळूच म्हणाले, "आम्ही खेचरवाले चार खातो, बाकीची शेल्यात टाकतो. गावही ते जाणून आहे. हे फळ पोट फार मोकळं करतं, वर पाणी प्यालं तर अधिकच." पंत म्हणाले, "न चाखता चाखले असे मी कधी लिहिले नाही." आणि शिडीवर चढले. एकविसाव्या छतावर हसनमियांनी खूण केली. चाळिसाव्या छतावर हात जोडले. पंत प्रत्येक छतावर पट्टी फळाशेजारी ठेवीत, मान हलवीत, फळ खात, बी फोडीत आणि "गोड" म्हणत. त्रेसष्टावे छत यांगडोलचे. तेथे पट्टी पाट्यावर ठेवून, वारा नेईल म्हणून कडेस दगड ठेवून पंतांनी त्रेसष्टावे फळ खाल्ले, तहान लागली म्हणून तांब्याभर पाणी प्याले, "गोड" म्हणाले, आणि लागलीच त्यांचा चेहरा ऐसा झाला की यांगडोलने वाटेतून बाजूस होऊन शिडी मोकळी करून दिली. बावन्नाव्या वर्षात पदार्पण केलेला तो गृहस्थ अकरा पायऱ्यांची शिडी दोन पावलांत उतरला. पुढील वर्तमान लिहिणे उचित नाही. पोट तीन दिवसांनी ताळ्यावर आले, परंतु उंचीवरच्या विरळ हवेत अंगात त्राण राहिले नाही म्हणून आणखी सहा दिवस पडून होते. एकूण नऊ. नऊ दिवस थैली उशाशी होती आणि पट्टी छतावर होती, हे पंतांस ठाऊक नव्हते.

दहावे दिवशी थैली रिकामी पाहून पंत ओरडले आणि छतावर गेले. पट्टी तेथेच होती, शिक्का तैसाच होता. परंतु केशरी रंग गेला होता. पट्टी तपकिरी झाली होती, जुन्या चामड्यासारखी. पंत मटकन बसले आणि म्हणाले, "हसनमियां, सरकारचा हुकूम माझ्या हातून नासला. किल्ली गेली, बाईसाहेबांचे लग्न गेले, आता मी खाली कोणत्या तोंडाने जाऊ?" यांगडोलने पट्टी उचलली, एका अंगाने निरखली, नखाने खरवडली आणि खरवड जिभेवर ठेविली. पंत म्हणाले, "बाई! शिक्का!" ती म्हणाली, "शिक्का नाही खाल्ला. हे केशर नव्हे. हे जर्दाळू आहे, वाटून डिंकात कालवलेलं. आणि लबाड आहे. धुरीने रंग धरून ठेवला होता, उन्हाने धुरी उडाली, मग फळाचा खरा रंग आला." तेव्हा पंतांस मुंग्या आठवल्या. तीन तोळे केशर भानजीच्या घरी खिरीत गेले असणार हेही लागलीच ध्यानात आले. यांगडोलने पट्टी आपल्या वाळवणावर ठेविली. पट्टी कोठे संपते आणि जर्दाळू कोठे सुरू होतात हे हसनमियांस हात लावून पाहावे लागले.

पंत म्हणाले, "चाळीस मण. आणि मी दरबारात खोटे बोलणार नाही." यांगडोल म्हणाली, "खरं बोल, पण पोटाचंही सांग. खाण्याआधी सांग, पाण्याआधी सांग. आणि त्रेसष्ट खाणारा तू पहिलाच बरं का. आमच्या आजोबांनीसुद्धा एवढा आदर कोणाकडून घेतला नव्हता." आणि गावाने प्रत्येक छतावरून एक मूठ वर घातली.

माघ शुद्ध द्वितीयेस दरबार भरला. एकीकडे बहिरोपंतांची केशरी रास, जणू दिवा लाविला. दुसरीकडे पंतांची तपकिरी. बहिरोपंत म्हणाले, "पंत, हिमालयातून जुनी पायताणे वेचून आणिलीत काय?" दरबार हसला. पडद्याआड बाईसाहेबांनी डोळे मिटले. महाराजांनी पट्टी मागविली. पट्टी पाहून कपाळास आठी घातली आणि म्हणाले, "आमच्या स्मरणात रंग उजळ होता." पंत म्हणाले, "महाराज, स्मरणास शिक्का नसतो, पट्टीस आहे. मात्र सत्य सांगतो, माझ्या आजारपणात पट्टी नऊ दिवस उन्हात राहिली." महाराजांनी भानजीस पुढे बोलाविले आणि विचारिले, "हा रंग तुझाच?" भानजी म्हणाला, "माझाच." "केशराचा?" "केशराचा, महाराज. पुरे तीन तोळे." "मग उन्हाने केशर असे होते?" भानजीने पंतांकडे पाहिले. पंतांनी खिशाविना अंगरखा झाडावा तैसे दोन्ही हात मोकळे दाखविले. भानजी म्हणाला, "होते, महाराज. उत्तम केशरच असे होते. हलके असते तर केशरीच राहिले असते."

हे ऐकून महाराज प्रसन्न झाले, कारण सरकारने उत्तम केशर दिले होते हे सिद्ध झाले. पट्टी बहिरोपंतांच्या राशीवर धरिली, जुळली नाही. पंतांच्या राशीवर धरिली, दिसेनाशी झाली. बहिरोपंत म्हणाले, "महाराज, हा अन्याय आहे, माझेही उन्हातच वाळविलेले आहे." महाराज म्हणाले, "मग उन्हास भिऊ नये," आणि त्यांची रास गच्चीवर पसरून राखणीस त्यांनाच बसविले. पट्टीवरचा पातळ लेप नऊ दिवसांत काळवंडला होता. फळ जाड, म्हणून त्यास सव्वा महिना लागला. रास तपकिरी झाली आणि बहिरोपंतही झाले.

लग्नाचे आदल्या रात्री पंक्तीस पंतांचे जर्दाळू वाढले. व्याही राजांनी पहिले फळ हाती घेतले तेव्हा दोन्ही राज्ये श्वास धरून होती. त्यांनी चावले, गिळले, डोळे मिटले. खोकला आला नाही. मग दुसरे घेतले, मग दहावे, मग ताट मागविले. बाईसाहेबांनी पंतांकडे पाहून पदर सावरला. पंतांचे डोळे भरले आणि त्या भरात खाण्याआधी सांगावयाचे ते राहून गेले. पाण्याआधी सांगावयाचेही राहिले. दुसरे दिवशी मुहूर्त सव्वातीन घटिका पुढे ढकलावा लागला. ज्योतिष्यांनी तो नवा मुहूर्त अधिक शुभ असल्याचे दाखविले, आणि व्याही राजे मंडपात आले ते ऐसे हलके आणि प्रसन्न की इतके प्रसन्न त्यांस त्यांच्या वैद्यानेही पाहिले नव्हते.

तात्पर्य, किल्ली पंतांच्या कमरेस राहिली, कन्या सुखाने नांदली, आणि खोऱ्यातून दरसाल चाळीस मण येऊ लागले. पट्टी दप्तरात आहे, तिच्या एका कडेस नखाची खरवड दिसते. त्या दिवसापासून पंतांच्या सांगण्यावरून त्या राज्यात वहिवाट पडली की नवा हुकूम निघाला म्हणजे तो आधी नऊ दिवस छतावर उन्हात ठेवावा, कडेस दगड ठेवावा, आणि मग जो रंग उरेल तेवढाच अमलात आणावा. पहिल्या वर्षी अठ्ठावन्न हुकूम वाळत घातले. चार उरले.