वाचूनच बांधणारा

माझा प्रबंध जगात एकाच माणसानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आहे, आणि तो बाइंडर आहे. मार्गदर्शकांनी सही केली, परीक्षकांनी जेवणाची तारीफ केली, बायकोनं अर्पणपत्रिकेत स्वतःचं नाव नीट छापलंय का तेवढं पाहिलं. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत बसणाऱ्या बिरूभाऊनं मात्र सगळ्या प्रती न बांधता परत केल्या.

विषय होता वाळूजचे कामगार.

"इचारलं कुणाला?" तो म्हणाला.

"कामगारांना."

"कुठं?"

"कंपनीच्या बसमध्ये."

"मंग मोटरसायकलीवर जातात ते काय हवा खायला जातात व्हय?"

मी आधी चिडलो, मग महिनाभर कारखान्यांच्या गेटवर उभा राहिलो. डॉक्टर झालो तो त्यानंतर.

बिरूभाऊ आठवीपर्यंत शिकला. लहानपणापासून मामाच्या हाताखाली शिलाई, खळ आणि सोनेरी अक्षरं हेच पाहिलं. वाचल्याबिगर बांधायचं नाय, हा नियम त्यानं स्वतःच घातलेला. काळ्या रेक्झिनमध्ये जाणारं कोणतंही ज्ञान त्याला वर्ज्य नाही. कापसाच्या पानाचा फोटो बघून रोग ओळखणारा प्रोग्राम संगणकशास्त्राच्या एका मुलानं तयार केला होता. बिरूभाऊनं परिशिष्टातले फोटो चष्मा वर करून पाहिले. "सगळे भर दुपारचे. सांजच्याला पान आजारी पडत नाय का?" त्या मुलानं संध्याकाळचे फोटो काढले, तेव्हा त्याच्या यंत्राला निरोगी पानंही मरणासन्न वाटू लागली. बिचारा वर्षभर मागं पडला. पण यंत्र शहाणं झालं.

शहरात विद्वानांची कमतरता नाही. 'इचारलं कुणाला?' असं त्यांना तोंडावर विचारणारा मात्र हा एकटाच.

गेल्या वर्षी वैशाली नावाची मुलगी समाजशास्त्राचा प्रबंध घेऊन आली. पाचोड भागातल्या मेंढपाळ कुटुंबांवर. मी तेव्हा दुकानात चहा पीत होतो. सबमिशनला आठवडा राहिला होता. दुसऱ्या दिवशीही मी तिथंच होतो; बिरूभाऊनं गठ्ठा तिच्यापुढं सरकवला आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. 'या कुटुंबांतील बहुतांश स्त्रिया कोणतेही काम करत नाहीत.'

"हे कुणी सांगितलं?"

"त्यांनीच, काका. बाजारच्या दिवशी एकेकीला विचारलं. सगळ्या म्हणाल्या, काही करत नाही."

"तशाच म्हणणार. आमच्या मेंढपाळांत बाई अशीच बोलती. घरचं कराया लागतं ते काम नसतं, काम म्हंजी दुसऱ्याच्या बांधावर जाऊन केलेलं. मी हे बांधणार नाय."

तिनं घाबरून मार्गदर्शकांना फोन लावला. सरांचा आवाज गल्लीत ऐकू आला. तुम्ही बाइंडर आहात, तुमचं काम बांधायचं. नसेल जमत तर विभागाचा एकही प्रबंध यापुढे तुमच्याकडे येणार नाही.

"व्हय सर, बाइंडरच हाय," बिरूभाऊ शांतपणे म्हणाला. "म्हणून तर. मी बांधलं की मंग कुणी उघडत नाय. शेवटचा वाचणारा मीच."

वैशालीला दुसरीकडं जाता आलं असतं. ती स्टुलावर बसून राहिली. ते पान पुन्हा वाचून म्हणाली, "काका, ते वाक्य लिहिताना मलाही कसंतरीच झालं होतं."

प्रबंधाचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. तिनं मुदत वाढवून घेतली, बायकांना घरोघर जाऊन पुन्हा विचारलं, आणि निष्कर्ष उलटा झाला. सर आता तो निष्कर्ष स्वतःच्या भाषणात सांगतात. विभागाची कामं मात्र दुसऱ्या गल्लीत जातात. "जाऊ द्या," बिरूभाऊ म्हणतो. "तिथं वाचत नायत, लवकर होतं."

पण सुरुवात झाली ती बिरूभाऊच्या आईपासून. माझ्याकडं गाडी आहे एवढ्याच पात्रतेवर मी दोघांना पाचोडला तिच्या घरी घेऊन गेलो. वाटेत त्यानं वैशालीच्या हातात घडी केलेली चिठ्ठी दिली. "हे सगळ्यात शेवटी इचारा. मी बाहीर असन."

म्हातारी दारात चातीवर लोकर कातत बसली होती. लेकाला तिनं "आलास का" म्हटलं, त्यानं मान हलवली आणि तो भिंतीपलीकडं जाऊन पाठमोरा बसला.

"आजी, तुम्ही काय काम करता?"

"मी? कायबी नाय. बसून असते." चाती फिरतच होती.

"मग पहाटं उठल्यापासून सांगा."

म्हातारीनं सांगायला घेतलं. कोकरं सोडणं, आजारी जनावराला पाला वाटून देणं, शेण, दूध, व्यापाऱ्याशी भांडण. दुपारपर्यंत पोचायच्या आत आमचा चहा दोनदा गार झाला. वैशालीचे प्रश्न संपले तेव्हा तिनं चिठ्ठी उघडली, आधी मनातच वाचली. मग मोठ्यानं वाचली. "मुलगा सात वर्षांचा असताना त्याला शहरात मामाकडं का ठेवलं?"

चाती थांबली. म्हातारीनं भिंतीकडं पाहिलं.

"कळपामागं चालून पाय फुटायचे त्याचे. पर रडायचा नाय. रडणारं लेकरू कडेवर घेता येतं. न रडणाऱ्याला किती दुखतंय, कसं कळावं? म्हणून ठिवला. येताना पाचोडपस्तोर मीच रडले."

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. मग मागच्या सीटवरून बिरूभाऊ म्हणाला, "शेवटचं काय सांगितलं तिनं? बाहीर नीट ऐकू आलं नाय."

म्हातारीचा आवाज शेजारच्या तीन घरांत गेला असेल. वैशालीनं माझ्याकडं पाहिलं, वही उघडली आणि वाचून दाखवलं.

"परत एकदा वाचा," तो म्हणाला.

तिनं परत वाचलं. मी गाडी हळू केली.