उमी खार आणि अकरा शिक्के

एका जंगलात एक कचेरी होती. झाडं, ओढे, डोंगर हेही होतंच, पण ते कुठल्याही जंगलात असतं. कचेरी असलेलं जंगल पुढारलेलं समजावं, मुलांनो.

त्या जंगलात उमी नावाची एक खार राहायची. तिची आई म्हातारी झाली होती. मागचे पाय धरले होते, डोळ्यांना अंधुक दिसायचं. ढोलीच्या तोंडाशी यायलासुद्धा तिला अर्धा दिवस लागायचा.

जंगलाच्या टोकाला एक डोंगर होता आणि त्याच्या उतारावर कारवी होती. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. फुलली की अख्खा उतार जांभळा होतो. उमीच्या आईने तो अगदी लहानपणी पाहिला होता. यंदा कारवी पुन्हा फुलली.

"एकदा बघायचा होता गं तो उतार," आई म्हणाली. "पुढच्या खेपेला मी कुठली असायला?"

"एक डहाळी आणू?"

"डहाळीला काय करू? मला उतार बघायचाय."

उतार ढोलीत आणणं अवघड होतं. पण सहलीला आलेली माणसं एक कॅमेरा विसरून गेली होती आणि उमीने तो जपून ठेवला होता. उताराचं चित्रीकरण करायचं आणि आईला घरबसल्या दाखवायचं, असं तिने ठरवलं.

आता तुम्ही म्हणाल, मग जायचं आणि काढायचं, त्यात काय? तुम्हाला तसंच वाटणार. तुम्हाला वळण कुठे आहे? उमीला आईने वळण लावलं होतं. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. म्हणून उमी आधी कचेरीत गेली.

कचेरीत साळिंदर हेडक्लार्क होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. आलेला प्रत्येक अर्ज ते आपल्या पाठीवरच्या काट्याला टोचून ठेवत, त्यामुळे एकही अर्ज हरवत नसे. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही, एवढीच काय ती अडचण होती.

भाऊसाहेबांनी उमीचा अर्ज वाचला. "कथानक जोडलेलं नाही."

"कथानक नाही हो. फुलं फुलली आहेत, बस्."

"मग पुढे काय होतं?"

"सुकतात."

"शेवट दुःखाचा आहे. जंगलाची बदनामी होईल. बदला."

उमीने लिहिलं, 'फुलं फुलतात आणि फुललेलीच राहतात.' भाऊसाहेबांचं समाधान झालं.

"चित्रीकरणात प्राणी वापरणार?"

"मी एकटीच असेन. तीही कॅमेऱ्याच्या मागे."

"म्हणजे वापरणार. प्राण्याची लेखी संमती लागेल. त्याला त्रास देणार नाही, असं हमीपत्रही."

उमीने स्वतःला संमती दिली. स्वतःला त्रास देणार नाही, असं लिहूनही दिलं. साक्षीदार म्हणून दोन साळुंक्यांना आणलं. अर्ज काट्याला टोचला गेला.

त्यानंतर उमी रोज कचेरीत जायची. भाऊसाहेब म्हणायचे, "तुमचा अर्ज आलेला दिसत नाही." उमी त्यांच्या मागे जाऊन म्हणायची, "हा काय इथे!" मग ते बघायला वळायचे. ते वळले की पाठही वळायची.

तिकडे वानरांची टोळी मोबाइल घेऊन उतारावर रोज लोळत होती. उमीने विचारलं, "यांना परवानगी आहे का हो?"

"ते चित्रीकरण नाही," भाऊसाहेब म्हणाले. "ती हौस आहे. हौसेला अर्जाचा नमुना नाही."

रोज संध्याकाळी आई विचारायची, "आहे ना गं अजून फुललेली?"

"आहे, आई."

"फार दिवस राहत नाही ती."

उमीला रडू यायचं. पण ते आईला कळू नये म्हणून ती शेजारच्या फांदीवर जाऊन रडायची.

नवव्या दिवशी ती सरळ भाऊसाहेबांच्या पाठीवर चढली. चार काटे रुतले, पण अर्ज हाती आला. तिने तो त्यांच्या नाकासमोर धरला. आता दिसत नाही म्हणायची सोय उरली नाही.

"फक्त स्थळपाहणी राहिली," भाऊसाहेब म्हणाले. "तुमच्या चित्रीकरणाने फुलांना धोका नाही ना, ते अकरा खात्यांनी समक्ष पाहिलं पाहिजे."

अकरा खाती दुसऱ्याच दिवशी हजर झाली. कचेरीचं काम इतक्या तातडीने कधी झालं नव्हतं. पण कारवी फुललीय हे घरोघरी कळलं होतं, म्हणून सगळे साहेब सहकुटुंब आले. गवासाहेबांनी फुलं विषारी तर नाहीत ना, हे खाऊन पाहिलं. एका फुलाने त्यांची खात्री होईना. रानडुक्करसाहेब आणि त्यांच्या नऊ पिल्लांनी माती तपासली, खालपासून वरपर्यंत. उरलेल्यांनी बसायला जागा केली, मग जेवले आणि मग तिथेच आडवे झाले.

"साहेब, फुलं..." उमी म्हणाली.

"पाहणी चालू आहे. मध्ये बोलू नये."

कॅमेरा उमीच्या गळ्यात होता. परवानगी नव्हती, म्हणून तो बंद होता.

संध्याकाळी एकमताने अहवाल झाला. 'सदर उतारावर एकही फूल आढळून आले नाही. सबब, चित्रीकरणामुळे फुलांना कोणताही धोका नाही. परवानगी देण्यास हरकत नाही.' त्यावर अकरा साहेबांनी अकरा शिक्के उमटवले.

कागद घेऊन उमी ढोलीत आली. आईला काय सांगावं ते तिला सुचेना. पावलं ऐकून आईने पंजा पुढे केला.

"आणलंस?"

उमीने कागद दिला. देण्यासारखं दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं.

आईने तो डोळ्यांपाशी धरला. अक्षरं तिला दिसत नव्हती. शिक्क्यांची जांभळी वर्तुळं तेवढी दिसत होती, एकमेकांना खेटून, वरपासून खालपर्यंत.

"अगं बाई," ती म्हणाली. "तशीच फुललीय गं. अगदी तशीच."

"हो, आई," उमी म्हणाली. परवानगी न घेता बोललेलं हे तिचं आयुष्यातलं पहिलंच खोटं होतं.

तात्पर्य: मुलांनो, कचेरीला उगाच नावं ठेवू नयेत. फुलं सात वर्षांतून एकदा येतात आणि पंधरा दिवसांत सुकतात. शिक्क्यांना बाराही महिने बहर असतो. फक्त ते पाहणाऱ्याची नजर अधू हवी.