बावीस गुलाबी तुमानी

शनिवारी सकाळी फिंटन हॅनरॅहनने बायकोला मदत करायचं ठरवलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे त्याला पहिल्यांदाच सुचलं, आणि तेही ती घरात नसताना. (ती समोर राबत असते तेव्हा यांची कंबर धरलेली असते.)

ब्रीडा दहा दिवस एनिसला होती. बहिणीच्या पायाचं ऑपरेशन होतं. संध्याकाळच्या बसने ती यायची होती, आणि मागच्या मोरीत मळक्या तुमानींचं बोचकं तिची वाट बघत पडलं होतं.

बॅलिकारा गावच्या मैदानावर घोडे नुसते धावत नाहीत, कुंपणांवरून आणि चरांवरून उड्या मारतात, आणि चिखल तर त्या मैदानाच्या पाचवीलाच पुजलेला. जॉकी पांढऱ्याशुभ्र तुमानीत निघतो आणि शेणाच्या रंगात परत येतो. त्या जॉकींचे कपडे, बूट, खोगिरं सांभाळायची हा फिंटनचा पिढीजात धंदा. मळकं तो घरी आणी, ब्रीडा धुई.

पण धुण्याआधी ती वाची. ही गोष्ट गावात कोणाला ठाऊक नव्हती.

"हा बघ," ती चष्मा नाकावर ओढून म्हणायची, "पुढून नखशिखांत चिखल. म्हणजे घोडा सगळ्यांच्या मागे कोंडला होता, तरी तिसरा आला. वाट मिळू दे, मग बघ त्याला. आणि हा लबाड! सहावा आला म्हणे. गुडघ्याच्या आतल्या बाजूला ना घाम, ना खोगिराचं मेण. यानं घोड्याला मांडीच लावलेली नाही. राखून ठेवलाय पुढच्या वेळेला!"

फिंटन मान डोलावी. आणि शर्यतीच्या रविवारी, मिस्साच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव भाकीत ऐकायला जमलं की उभा राहून सांगे, "माझा अनुभव असं सांगतो..." नऊ वर्षं अनुभव ब्रीडाचा आणि मिशीवर ताव याचा! गावात त्याला वाकून नमस्कार मिळत. समोर प्रतिस्पर्धी होते गणिताचे निवृत्त शिक्षक गिल्फॉइल मास्तर. त्यांच्या चौदा वह्या होत्या आणि नऊ वर्षांचे नऊ पराभव. आता शर्यतीच्या मंडळाने ठरवलं होतं, दोघांची कटकट पुरे. या रविवारी ज्याचे घोडे जास्त जिंकतील, भाकिताची खुर्ची कायमची त्याची.

फोनवर ब्रीडाने बजावलं होतं, "बोचक्याला बोट लावू नकोस. आले की वाचते, मग धुते."

पण फिंटनने विचार केला, बिचारी दमून येईल, निम्मं काम आपणच उरकू. त्याने धुवून टाकलं. (वाचणं आधी असतं हे तो विसरला. स्वयंपाकाआधी पंगत उठवण्यातला प्रकार!) मदतीची हौस एकदा चढली की आवरत नाही. जाता जाता त्याने ब्रीडाचं लाल लोकरीचं जाकीटही त्याच पाण्यात सोडलं आणि पाणी कढत केलं.

संध्याकाळी ब्रीडा फाटकातून आत आली, आणि दोरीकडे बघून तिथेच थांबली. बावीस तुमानी वाऱ्यावर नाचत होत्या. गुलाबी.

"फिंटन."

"आलीस? चहा टाकू?"

"हे काय आहे?"

"धुतलं सगळं! डाग शोधून दाखव एक!"

"डागच हवे होते रे मला!" ब्रीडा पायरीवर मटकन बसली. "उद्या कशाच्या जिवावर बोलणार आहेस? माझ्या जाकिटाच्या?"

फिंटनचं तोंड जाकिटासारखंच आक्रसलं. "काहीतरी अंदाजाने सांग ना."

"अंदाज तुझा तू सांग. नऊ वर्षं तोंड तुझं आणि डोळे माझे. उद्या दोन्ही तुझेच."

आणि ती आत जाऊन बटाटे सोलू लागली. बटाट्यांची काही चूक नव्हती, पण सालं फार जाड निघाली.

तो ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा रविवार. त्या एका दिवशी पाद्रीबुवा गुलाबी झगा घालतात. फादर किओ मिस्सा संपवून झग्यासकट हॉलमध्ये आले. (भाकीत ऐकायचं राहून जाईल म्हणून कपडे बदलायला थांबले नाहीत. देव थांबतो, घोडे थांबत नाहीत.) फिंटनने तुमानींची टोपली शेजारी ठेवली. इथून सरळ मैदानावर जायचं होतं, आणि जॉकींना घालायला दुसरं काही उरलेलं नव्हतं. टोपलीवर त्याने पंचा घट्ट खोचला होता. ब्रीडा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती.

मास्तरांनी चार शर्यतींचे चार घोडे सांगितले. प्रत्येकाच्या मागे अपूर्णांक लावला. मग फिंटन उठला.

"पहिल्या शर्यतीत... मिस्टर परफेक्ट."

"का रे, फिंटन?" फादरांनी विचारलं.

"देखणा आहे."

"लग्न लावायचंय का त्याचं?" मागून कोणीतरी ओरडलं. हॉल खो-खो हसला. मास्तरांनी वहीत काहीतरी सुखाने लिहिलं.

फिंटनला दरदरून घाम फुटला. तोंड पुसायला टोपलीवरचा पंचा ओढायला त्याने हात घातला आणि हाताला लागलं ते न बघता कपाळावर फिरवलं. हॉलमध्ये हशाचा स्फोट झाला. पंच्याच्या जागी तुमान आली होती, तीही गुलाबी. फिंटनने ती दचकून लांब धरली. खिडकीतल्या उन्हात ती कंदिलासारखी उजळली.

ब्रीडा ताडकन उभी राहिली. "खाली घेऊ नकोस! उलटी कर. गुडघ्याची आतली बाजू दाखव!"

त्या गुलाबीत गुडघ्याच्या आत दोन मोठे पांढरे ठिपके होते. जिथे खोगिराचं मेण मुरलं होतं, तिथे रंग चढलाच नव्हता. चिखल बोलायचा तेच आता रंग बोलत होता, आणि चिखलापेक्षा स्पष्ट.

"मिसेस हॅनरॅहन," मास्तर कडवट हसले, "इथे भाकीत चाललंय. धुणं घरी."

फिंटनने ब्रीडाकडे पाहिलं. मग खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या हातांवर त्याच्याच कोपरांनी नऊ वर्षांत झालेली झीज दिसत होती.

"मास्तर," तो म्हणाला, "नऊ वर्षं तुम्ही धुण्याकडूनच हरताय. मी कधीच काही सांगितलं नाही. हिने वाचलं, मी नुसतं बोललो. ब्रीडा, इकडे ये. चढ वर."

ब्रीडा व्यासपीठावर गेली. तिने टोपली उपडी केली, कमरेतली नावं बघितली आणि खिडकीपाशी एकेक तुमान उलटी करत गेली.

"पहिली शर्यत तू तुझ्या देखण्यावर घालवलीस. दुसरी. हा ब्रॉफी. पांढरं ठिपक्यापुरतंही नाही, सगळा सारखा गुलाबी. मागच्या वेळेला हा घोड्यावर नुसता बसून फिरून आला! घोडा ताजा आहे. लेझी बिशप."

मागच्या बाकावरचा ब्रॉफी जॉकी कानापर्यंत तुमानीच्या रंगाचा झाला.

"तिसरी. हा ओडॉनेल. एकाच गुडघ्याला पांढरं. घोडा उजवीकडे ओढत होता. मागची शर्यत झाली त्या मैदानावर वळणं डावीकडची होती, आपल्याकडे उजवीकडची. आज ओढू दे हवा तेवढा. टिन ट्रम्पेट. चौथीत लास्ट बस, आणि कारण मी सांगणार नाही, त्या जॉकीची बायको इथे बसली आहे."

मैदानावर जॉकींनी त्या तुमानी बघून बंड केलं. "हे घालून बाहेर पडायचं? आई ओळख देणार नाही!" फादर किओ झग्यासकट जॉकींचं वजन करतात त्या खोलीच्या दारात उभे राहिले. "मी सकाळपासून याच रंगात उभा आहे. कोणाला काही म्हणायचंय?" जॉकींनी निमूट तुमानी चढवल्या.

पहिली शर्यत मास्तरांच्या घोड्याने मारली. मास्तरांनी टोपी उडवली. ती खाली यायच्या आत त्यांचं सुख संपलं. लेझी बिशप आठ घोड्यांच्या लांबीने पुढे आला. टिन ट्रम्पेट प्रत्येक वळण गिळत आला. लास्ट बस शेवटच्या कुंपणापाशी चौथा होता. गुलाबी मांड्या आवळल्या, घोडा पक्ष्यासारखा पलीकडे उतरला आणि चढावर एकेकाला मागे टाकत विजयाच्या खांबाशी पहिला! अख्ख्या बॅलिकाराने एकच आरोळी ठोकली. बायका तर बाकांवर चढल्या. ब्रीडाला उचलायला सहा जण पुढे आले. तिने छत्री उगारली तेव्हा कुठे नुसता हात मिळवून थांबले.

खुर्ची तिथेच, विजयी घोडे उभे करतात त्या गवतावर आणवली. ब्रीडा तीत बसली, आणि घोडे सुद्धा जरा बाजूला सरकले. मास्तरांनी चौदा वह्या काखेत मारून तिला वाकून नमस्कार केला. (माणूस गणिताचा असला तरी उत्तर मान्य करणारा होता.)

फिंटन कठड्याला टेकून टाळ्या वाजवत होता. मनापासून वाजवत होता, पण डोळा खुर्चीवरच होता.

"फिंटन," फादर किओंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "मंडळाने तुलाही खुर्ची द्यायचं ठरवलंय. ब्रीडाच्या शेजारी."

"मला? पण फादर, माझा मिस्टर परफेक्ट तर..."

मिस्टर परफेक्ट दुसऱ्या कुंपणापाशी थबकला होता. जॉकीला एकट्यालाच त्याने पलीकडे पाठवलं आणि स्वतः वळून गवत खात बसला.

"म्हणूनच तर," फादर म्हणाले. "दर वेळेला तू आधी बोलायचं. तेवढा एक घोडा सगळं गाव खोडेल. मग ब्रीडा बोलेल."

फिंटनने मिशीवर ताव दिला आणि हा बहुमान त्याने जागच्या जागी स्वीकारला. आधी बोलायचा मान चाळीस वर्षांत त्याला पहिल्यांदाच मिळत होता. बाकीच्या वाक्याचा अर्थ त्याला ब्रीडाने घरी गेल्यावर समजावून सांगितला, दोनदा.