परत युनिटात सोडा!

लक्ष्मणबापूंच्या घरी चहाला गेलात तर एक करा, कप पार कोरडा करा. तळाशी घोटभर जरी राहिला तरी बापू कप उचलणार आणि तो घोट चुलीवरच्या पातेल्यात परत ओतणार. पुढच्या पाहुण्यासाठी! मी शिक्षक माणूस, चारचौघांत तोंड सांभाळून असतो, पण पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा तोंडून "शी!" निघालंच. बापू शांतपणे म्हणाले, "शी काय त्यात, गुरुजी? परत युनिटात सोडलं. उतारा वाढतो."

हे युनिट मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातलं. बापूंनी उभी हयात तिथं काढली आणि ऐन दुष्काळाच्या तोंडावर नोकरी आटोपून राहुरीजवळच्या आमच्या गावात परत आले. काय मुहूर्त साधला माणसानं! तिथं म्हणे जड तेल तापलेल्या पावडरीवर फोडायचं, त्यातून नाफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं हलकं तेल, काढायचा, आणि जो मनासारखा उतरला नाही तो फेकायचा नाही, परत त्याच युनिटात सोडायचा. दुसऱ्या फेऱ्यात त्यातून आणखी कामाचं काहीतरी निघतं. एवढं एक ज्ञान बापू मुंबईहून घेऊन आले आणि ते त्यांनी साऱ्या गावावर सोडलं.

घरात तर विचारूच नका. रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे त्या परदेशी ज्वारीची, भाकरी उरली की तिचे कुटके, कुटके उरले की ते आमटीत, आमटी उरली की ती पिठात मळून पुन्हा भाकरी. बापूंच्या मंडळी, आमच्या काकू, एकदा वैतागून म्हणाल्या, "गुरुजी, सोमवारची भाकरी अजून घरातच हिंडती हाय. तिला मोक्षच न्हाई."

पंचायतीचं तसंच. विहीर खोल करायचा अर्ज तालुक्याला गेला, तालुक्यानं नगरला धाडला, नगरनं त्रुटी काढून माघारी पाठवला. सरपंच तोंडाला येईल ते बोलत होते. बापू मात्र खूश. "परत आला म्हंजे वाया न्हाई गेला! सोडा पुन्हा. दुसऱ्या फेऱ्याला उतारा लई." सरकारी कारभार मनापासून आवडणारा एवढा एकच माणूस मी पाहिला. तोवर विहिरीत बेडूकही उरला नव्हता, हा भाग वेगळा.

मग शकू आली. बापूंची एकुलती एक लेक, अकोल्याकडं दिलेली. एसटीतून उतरली ती ट्रंक घेऊनच, आणि डोळ्याखाली हा काळानिळा डाग. नवरा मारकुटा. गावाला हे ठाऊक होतं, कारण याआधीही ती दोनदा अशीच आली होती आणि दोन्ही वेळा बापूंनी समजूत घालून तिला परत पोचवली होती. या खेपेला ती काकूंना म्हणाली, "आई, आता गेले तर माझं मढंच येईल." एवढंच बोलली आणि भांडी घासायला बसली.

बाजाराच्या दिवशी व्याही न्यायला येणार, असा निरोप आला. बापू काय करणार याची गावात कुणालाच शंका नव्हती. सरपंच म्हणाले, "चहाचा घोट माघारी पाठवनारा मानूस, लेक ठिवून घेईल व्हय?" सगळे हसले. मला राग आला. बापूंचा आला, आणि त्यांच्या त्या मेल्या युनिटाचाही.

आमच्याकडं अशा वेळी चार माणसं बोलावतात. म्हणजे बोलायला सरपंच, जोडीला मी, आणि बाकीचे दोघे माना डोलवायला. व्याही जाजमावर ऐसपैस बसले. "संसारात व्हायचंच की थोडंफार," म्हणाले. सरपंचांनीही री ओढली, "पोरीनं जरा सोसावं." रिवाजाप्रमाणं काकू ओटीचं ताट घेऊन आल्या: खण, नारळ, तांदूळ. ओटी भरली की लेक निघाली. शकू पाटावर पदर पसरून बसली, मान खाली.

बापू उठले. काकूंच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हणाले, "व्याही, ओटी भरायची न्हाई. शकू हितंच ऱ्हानार."

सरपंचांना राहवेना. "आता काय झालं, बापू? तुमी तर सगळंच परत युनिटात सोडता!"

"सोडतो की. पन त्यालाबी हद हाय." बापूंनी ताट खाली ठेवलं. "लई फेरे झाले की माल निघत न्हाई, सरपंच. ग्यास हुतो, तो उडून जातो. मागं कोळसा उरतो, पावडरीला चिकटून. कारखान्यात हे मला लगीच कळायचं. घरात कळलं न्हाई. दोनदा म्या सोताच्या हातानं पाठवली तिला. आता लेकीचा कोळसा करू?"

व्याही टोपी डोक्यावर दाबून तरातरा निघाले. सरपंच त्यांच्या मागोमाग. मी तिथंच बसून राहिलो. डोळे भरून आले होते, लपवत नाही.

बापू शकूसमोर खाली बसले. हळूच म्हणाले, "पोरी, मढं येईल म्हनलीस ते आईला. मला का न्हाई सांगितलंस?"

शकूनं पदर सावरला. "तुमचंच भ्या वाटलं, बापू."

तो माणूस गुडघ्यांत तोंड घालून लहान पोरासारखा रडला. मग शकूच जवळ सरकली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.